सहावी मिरची एफएमवर गेली

गाला, मस्कत.

राजमान्य राजश्री मेहुणे मधुराव, रेडिओचे निवेदक, यांस थोरल्या दाजींचा वयाचा मान बाजूला ठेवून केलेला नमस्कार. तुमची तब्येत, त्यातही घसा, ठणठणीत असेल अशी आशा आहे. सासूबाईंच्या गुडघ्यांना रोज तेल लावलं जातं की फक्त आमचा फोन येतो त्या दिवशी, ते खरं खरं कळवावं. इकडे मी, तुझी ताई आणि यशश्री मजेत आहोत. यशश्री नववीत गेली. मराठी बोलते, पण प्रत्येक शब्द आधी इंग्रजीत चाचपून घेते. (एवढंच 'तुम्ही' जमलं. ज्याला सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत सोडलं त्याला यापेक्षा जास्त वेळ अहो-जाहो करता येत नाही. आता पुढे 'तू'.)

तर मजेत आहोत म्हटलं, पण बदरुद्दीन मजेत नाही. आणि त्याला कारणीभूत तू आहेस. तू म्हणजे तुझं रेडिओ केंद्र, पण केंद्राला मी ओळखत नाही, तुला ओळखतो, म्हणून शिव्या तुला.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर दोन वाक्यं झाली की तुझी ताई माझ्या हातातून फोन घेते आणि पुढचा पाऊण तास वहिनीच्या नव्या पडद्यांना जातो. शिवाय बदरुभाईचा हट्ट. त्याचं म्हणणं, रेडिओवाले इतकी वर्षं 'आम्हाला पत्र पाठवा, पत्र पाठवा' सांगतायत, तर त्यांना पत्रच चालत असणार. तो आत्ता माझ्या शेजारी स्टुलावर बसलाय आणि प्रत्येक ओळ झाली की वाचून दाखव म्हणतो. आमच्या गॅरेजमधला जमाल सुट्टीवर गावी निघालाय, त्याच्या हाती हे देतोय.

बदरुद्दीन म्हणजे आमच्या गॅरेजचा डेंटर. दाभोळकडचा. गाडी कितीही चेपलेली येऊ दे, हा तिच्याभोवती एक चक्कर मारतो, पत्र्यावरून हात फिरवतो, आणि दोन दिवसांनी मालकालाच शंका येते की ठोकली होती ती हीच का. मी तिथला इलेक्ट्रिशियन आणि फोरमन, पण अर्बाब (म्हणजे आमचा ओमानी मालक) गिऱ्हाइकाला मिरवून दाखवतो तो याला. माणूस सोन्यासारखा. एकच खोड, घरी जायचं नाव काढत नाही. आधी म्हणाला, घराला स्लॅब पडला की येतो. पडला. मग मुलाचं, नुमानचं, शिक्षण झालं की. झालं. मग मुलीचं, अंबरीनचं, लग्न झालं की. अंबरीनची मुलगी आता बालवाडीत जाते, आणि हा अजून 'पुढल्या वर्षी नक्की'! खोदून विचारलं तर म्हणतो, "गावी जाऊन करू काय, तानाजी? तिथं कुणाची गाडीच ठोकलेली नसते."

शेवटी त्याची बायको, आमची अमीरुन्निसा भाभी, भडकली. तिनं याच्याशी बोलणंच टाकलं. फोन वाजला की नुमानच्या हातात देते आणि स्वतः मागच्या पडवीत जाऊन बसते. हा विचारतो, अम्मी कशी आहे. नुमान सांगतो, बरी आहे. झालं संभाषण. भांडायचं तरी कुणाशी?

आणि इथे तुझी 'सांजचूल' आली. तुला वाटत असेल, संध्याकाळी अर्धा तास नारळावरचे किडे आणि पापडाचे प्रकार यावर बोलणं म्हणजे किरकोळ काम. अरे, त्या कार्यक्रमावर एक संसार चालला होता! भाभी दर गुरुवारी तुझ्यासमोर बसून एक पदार्थ सांगते, हे तुला माहीत आहे. ती तो पदार्थ कुणाला सांगते, हे तुला माहीत नाही. तुमचे आठ म्हणजे आमचे साडेसहा. थंडीच्या दिवसांत सूर्य बुडाला की तुमचं मिडियम वेव्ह, म्हणजे एएम, समुद्र ओलांडून इकडे यायला लागतं. आमच्या या गाला भागात पत्र्याच्या शेड्स आणि वेल्डिंग, तिथे नुसती खरखर. म्हणून आम्ही दोघं दर गुरुवारी गाडी काढून किनाऱ्यावर जायचो, ट्रान्झिस्टर बॉनेटवर ठेवायचा, आणि बदरुभाई देवळात कौल लावून बसल्यासारखा कान देऊन ऐकायचा. (हे वाक्य वाचून दाखवल्यावर बदरुभाईनं कौल म्हणजे काय ते विचारलं. सांगण्यात दहा मिनिटं गेली.)

एका गुरुवारी भाभी म्हणाली, "कोळंबीच्या सालनात पाच मिरच्या पुरे. पण घरचा माणूस परदेशात रुजून बसला असेल, तर सहावी घाला. घरात तेवढंच तिखट बोलणारं कुणी हवं." बदरुभाईचे कान लाल झाले. मग माझ्याकडे वळला आणि असा हसला, म्हणून सांगू! "माझ्यावर बोलली! तानाजी, सहावी माझी!" त्यानंतर प्रत्येक गुरुवारी सहावी मिरची आलीच. सांदणात मिरची नसते, तर भाभीनं सांगितलं की सांदण उकडायला ठेवा आणि पुढल्या वर्षी येतो म्हणणाऱ्याची वाट बघा, म्हणजे ते आपोआप गार होईल. खिमा झाला, बोंबील झाले, तांदळाच्या भाकरीतसुद्धा तिनं त्याला थापून काढला. आणि हा खूश! आठवडाभर पत्रा ठोकताना ते वाक्य घोळवायचा. घराघरात बायका नवऱ्याला बोलतात, पण बोलणं ऐकायला किनाऱ्यापर्यंत जाऊन गाडी लावणारा नवरा मी एकच पाहिला.

आता तुझा पराक्रम. मागच्या महिन्यात तूच, हो तूच, त्या मधाळ आवाजात म्हणालास की श्रोतेहो, पुढल्या आठवड्यापासून आपल्या गप्पांचे सगळे कार्यक्रम एएमवरून एफएमवर, अधिक स्पष्ट, अधिक जवळून. बदरुभाईनं माझ्याकडे पाहिलं. आता मी गाडीतले रेडिओ बसवतो म्हटल्यावर सगळ्या गॅरेजचा समज आहे की मला रेडिओतलं कळतं. मीही डोळे मिटून सांगितलं, एफएम म्हणजे एकदम झकास, खरखर नाही, काही नाही, भाभी शेजारी बसून बोलल्यासारखी वाटेल. दुसऱ्या दिवशी त्यानं गॅरेजभर हलवा वाटला. अर्बाबनं विचारलं, नातू झाला का. हा म्हणाला, नाही, मदाम एफएमवर जातेय. अर्बाबला काही कळलं नाही, पण हलवा त्यानं दोनदा घेतला.

गुरुवार आला. आम्ही तू सांगितलेला आकडा लावला. खणखणीत आवाज आला, पण अरबीत. मी म्हटलं जाहिरात असेल. बदरुभाई म्हणाला, थांब, आधी दुसऱ्याचा कार्यक्रम संपत असेल. आम्ही अर्धा तास ऐकला. खजुराच्या झाडाला कीड लागली तर काय करावं, यावर तो गृहस्थ फार पोटतिडकीनं बोलत होता. तुझ्या नारळाच्या किड्यांपेक्षा चांगला बोलतो, हे जाता जाता सांगून ठेवतो. पण मिरची नव्हती. घरी येऊन यशश्रीला विचारलं, तेव्हा तिनं शाळेच्या पुस्तकातून सुनावलं की बाबा, एफएम स्ट्रेट जातं, ते समुद्र क्रॉस नाही करत, फार तर डोंगरापर्यंत. माझं तोंड बघण्यासारखं झालं. बदरुभाईनं ट्रान्झिस्टर फडक्यात गुंडाळून ठेवला. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग मीच इरेला पेटलो. म्हटलं, सरळ जातं ना? मग आपण उंच जाऊ! जुन्या एसीची तांब्याची नळी, एका पिकअपचा सायलेन्सर आणि तुझ्या ताईची कपडे वाळत घालायची तार (तिला अजून वाटतं ती वाऱ्यानं उडाली, कृपा करून बोलू नकोस) यांचा मिळून एक अँटेना बनवला. जमालनं गॅरेजची ब्रेकडाऊनची गाडी काढली, क्रेनच्या हुकाला अँटेना अडकवला, किनाऱ्यावर नेऊन बूम, म्हणजे क्रेनचा दांडा, जाईल तितका वर नेला आणि तोंड हिंदुस्थानाकडे केलं. आता बूम वर गेला तो वरच अडकला. खाली येईना. रेडिओवर ना भाभी ना तू, फक्त सूं-सूं. आणि नेमकी पोलिसांची गाडी आली.

तरुण पोलीस होता, सभ्य. हे काय आहे म्हणाला. जमाल गाडीमागे सरकला, माझी अरबी स्पेअर पार्ट्सच्या पुढे जात नाही. बदरुभाई पुढे झाला. छातीवर हात ठेवून म्हणाला, मदाम, हिंद, ज़ालान. म्हणजे बायको हिंदुस्थानात आहे आणि रुसलीय. मग सायलेन्सरकडे बोट दाखवून म्हणाला, रेडिओ. पोलिसानं वर पाहिलं, याच्याकडे पाहिलं, आणि हसायला लागला. आपल्या छातीवर हात ठेवून म्हणाला, माझीही ज़ालान आहे, पण ती इथेच तीन घरं सोडून माहेरी आहे. मग तो आमच्याबरोबर बसून रेडिओचं बटण फिरवायला लागला, बिचारा! काही लागलं नाही. शेवटी उठला, बदरुभाईच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, यल्ला, रूह हिंद, खलास. म्हणजे जा की हिंदुस्थानात, विषय संपला. जाता जाता क्रेनचा बूमही त्यानंच लाथ मारून खाली आणला.

तेव्हापासून बदरुभाईचं कामात लक्ष नाही. काल एका गाडीचा दरवाजा त्यानं सरळ केला आणि तो बंदच होईना. असं आजवर झालं नव्हतं. तर मधु, हात जोडून विनंती, तुझ्या साहेबांना सांग, एफएम खुशाल ठेवा, पण निदान गुरुवारचा अर्धा तास एएमवर परत आणा. समुद्रापलीकडे आम्हीही श्रोतेच आहोत. एवढं केलंस तर तुझे उपकार जन्मभर विसरणार नाही, आणि बदरुभाई तुझ्यासाठी ऊद पाठवणार आहे.

सासूबाईंना नमस्कार, वहिनींना आणि त्यांच्या पडद्यांना आशीर्वाद.

तुझा,
तानाजी दाजी

ता. क. बदरुभाई सांगतो की उत्तर पत्रानं नको, रेडिओवरूनच दे. एएमवर.

ता. क. दुसरा. बदरुभाई मग़रिबच्या नमाजाला गेला. आता नीट वाच आणि वर लिहिलेलं सगळं विसर. खबरदार एएम परत आणलंस तर! त्या पोलिसाचं बोलणं त्याच्या मनात बसलंय. त्यानं अर्बाबकडे कायमचं जाण्याबद्दल विचारलं, आणि अर्बाबनं चक्क होकार दिला. पुढल्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारचं सकाळचं विमान आहे. पण मन अजून डळमळतंय. मला म्हणाला, एकदा शेवटचं रेडिओवाल्यांना लिहून बघ, एएम परत आलं तर तिकीट रद्द करू. म्हणून हे पत्र. आलं, तर हा माणूस आणखी दहा वर्षं किनाऱ्यावर बॉनेटला टेकून सुखात राहील आणि ती तिकडे पडवीत. तुझ्या साहेबांना हवं तर सांग की एफएम फार छान झालंय.

ता. क. तिसरा. यशश्रीनं परवा फोनवर तुमच्या केंद्राचं ॲप लावून दिलं. त्यावर सगळं ऐकू येतं, अगदी शेजारी बसल्यासारखं! तिला शपथ घातलीय की बदरुचाचांना बोलायचं नाही. मी एकटाच किनाऱ्यावर जाऊन ऐकलं. भाभी माशाची कढी सांगत होती. तू विचारलंस, मिरच्या किती? ती जरा थांबली. म्हणाली, "पाचच. सहावी ज्याच्यासाठी घालायची, त्याला आता ऐकू जात नाही." (इकडे रेडिओ लागेनासा झाल्याचं बदरुभाईनं नुमानला फोनवर सांगितलं होतं, तेच तिच्या कानावर गेलेलं.) तू ते हसण्यावारी नेलंस. मला पुढचं ऐकवेना, मी बंद केलं.

तेव्हा खरं काम हे. त्या गुरुवारी संध्याकाळी नुमान त्याला विमानतळावरून घरी नेण्याआधी थेट तुझ्या केंद्रावर आणेल. भाभीला कळू द्यायचं नाही. बदरुभाई दाराशी उभा राहिला की तिला पुन्हा विचार, मिरच्या किती. बाकी काही बोलू नकोस, तुझी सवय आहे मध्ये बोलायची. बदरुभाई गेल्यावर मला इथे अजिबात करमणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. त्या दिवशी मी फोन घेऊन किनाऱ्यावर बसेन, आणि तिनं सहा म्हटलं की घरी जाईन.