सांडव्यावरचं दुकान

२८ जून, मंगळवार

सकाळी परत नव्या पेठेच्या बांधकामावर जाऊन आलो. होळीपासून काम बंद. भिंती छातीइतक्या येऊन थांबल्यात, विटांवर शेवाळ धरलंय. कोपऱ्यावरच्या एक नंबरच्या दुकानाला तेवढी चौकट बसली आहे. ते माझं. पेठ बांधणाऱ्या मालकांनी चारचौघांत शब्द दिलाय, "पहिलं दुकान आपल्या शिंप्याचं." चौकटीत उभा राहिलो. समोर चामोर्शीचा रस्ता, मशीन इथे ठेवली तर उजेड डाव्या हाताने येईल. बरं वाटलं. मग वळून मागे पाहिलं तर तलावाची मातीची पाळ, आणि तसाच बाहेर आलो.

दुकान सांडव्याच्या तोंडात आहे. तलाव भरला की जास्तीचं पाणी ज्या वाटेने बाहेर पडतं, बरोब्बर त्या वाटेत. ठेकेदार म्हणाला होता, पलीकडून नवा सांडवा काढू. काम थांबलं तसा तो नागपूरला निघून गेला. सांडवा काही निघाला नाही. आणि आमचं घर पाळीच्या खाली, पहिल्या ओळीत.

सौ.ला सांगितलं. हसली. "तुमाले तं मांजरीचंही भेव लागते." लागतं. खोटं कशाला लिहू.

३ जुलै, रविवार

शाळेच्या पटांगणात सभा. मालक म्हणजे बापूसाहेब. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, गेली, गाव गेलं, तलाव सरकारी झाला. हाताशी राहिली ती ही गावाबाहेरची जमीन. तिच्यावर त्यांना सगळं हवंय. खाली चाळीस दुकानं, वर राहायच्या खोल्या, मागे धानाची गिरणी, टोकाला टॉकीज. गोमाजी आणि त्याच्या बाजूचे धानवाले शेतकरी म्हणतात रस्त्याला लागून एकच ओळ, बारा दुकानं, माडी नको, बाकीची जमीन खळ्यांना.

गो. : "एवढी मोठी पेठ कोनासाठी बांधून राह्यले मालक? आमच्या बैलायसाठी?"

मा. : "गाव वाढून राह्यलं गोमाजी. तुले दिसत नाई तं मी काय करू?"

होळीला दोघांनी मारुतीच्या देवळात हात ठेवून सांगितलंय की वाद मिटेपर्यंत एक वीट लावायची नाही, एक वीट काढायची नाही. आज सगळा वेळ टॉकीजचं तोंड कुठल्या दिशेला यावर गेला. तलावाचं नाव कोणी काढलं नाही. मी बोलायला म्हणून उठलो. सगळे बघायला लागले. खोकलो आणि बसलो.

बोलून काय होईल ते मला ठाऊक आहे. मालक म्हणतील, शिंपी फुटला. गोमाजी म्हणेल, पाहा, यांचाच माणूस सांगतो पेठ नको. आणि दुकान जाईल. बाप ओसरीवर शिवत मेला, आजा झाडाखाली. मला दार असलेलं दुकान पाहिजे. हे लिहितानाही लाज वाटते, पण पाहिजे.

१७ जुलै, रविवार

आठवडाभर पाऊस. लेकीला, मंदाला, खांद्यावर घेऊन पाळीवर गेलो. शेंदराचा दगड आहे ना, त्याच्या खाली दोन पायऱ्या उघड्या. बाकी सगळं पाण्यात. मंदा टाळ्या पिटत होती. मी पायऱ्या मोजत होतो, तिला कळू दिलं नाही.

इतकी वर्षं या दिवसांत मजा असायची. सांडव्याच्या तोंडाशी मातीचा बांध घालून पाणी अडवायचं. शेंदराच्या दगडाला पाणी टेकलं की मालकांच्या घरून तलावाची ओटी. खण मात्र आमच्या घरचा, हिरवा, आजाच्या आधीपासून. मग मालकांनी पायातलं काढून कुदळीचा पहिला घाव बांधावर घालायचा. तो त्यांचा मान. पहिला घाव पडला की मग ज्याला हवं त्याने हात लावावा, सारं गाव उतरतं. पहिल्या घावाआधी कोणी ढेकूळही हलवत नाही. सरकारी झाल्यावरही मालक हौसेने करत होते. यंदा बांधापुढे माझ्या दुकानाची भिंत आहे.

२२ जुलै, शुक्रवार

गोमाजीकडे गेलो. म्हटलं, भाऊ, तुमच्याकडे इतकी माणसं, रात्रीतून फोडून टाका ना भिंत.

"तू सांगते? दुकान तं तुयंच हाये." मग आवाज खाली आणून म्हणाला, "देवळात हात ठेवला मी. वीट काढली का मालक म्हनन, गोमाजी बेइमान. आन बांधाचा मान त्यायचा हाये. मी कसा हात लावू?"

तहसिलीत अर्ज दिलाय म्हणाला. साहेब दौऱ्यावर आहेत, नदी उतरली की येतील.

नदी उतरली की. म्हणजे पाणी गेल्यावर पाणी बघायला येणार.

३१ जुलै, रविवार

मालकांनी बंडीच्या मापाला बोलावलं. बरं झालं, आपण होऊन जायची छाती नव्हती. छातीला टेप लावली. गेल्या सालापेक्षा दोन बोटं कमी भरली. माणूस खंगतोय. टेप धरल्या धरल्याच बोलून टाकलं, तोंडाकडे न बघता. मालक, यंदा ओटी कधी भरायची?

त्यांनी टेप अंगावरून बाजूला केली. मग म्हणाले, "तलाव माहा नाई राह्यला आता. सरकारचा हाये. सरकारनं ओटी भरावी."

मी म्हटलं, पण पाणी तर आपल्याच...

"भिंतीले घाव घातला तं तुयंच दुकान पडते. तुले समजते का काय बोलून राह्यला तू?"

समजतं, म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की त्यांना ऐकू गेला की नाही कोण जाणे. मग ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. तिथून पाळ दिसते. घाबरलेला माणूस मी लगेच ओळखतो, रोज आरशात बघतो. मालक घाबरले आहेत. पण चाळीसची बारा दुकानं करायला लावतील याला जास्त घाबरलेत. आज भिंत पाडली की उद्या गोमाजी म्हणेल पेठच पाडा, असा त्यांचा हिशेब.

बाहीचं माप घ्यायचं राहूनच गेलं.

६ ऑगस्ट, शनिवार

शेजारच्या म्हादूच्या गोठ्यामागे पाळीच्या पायथ्याशी ओल दिसत होती, तिथून आज पाणी पाझरतंय. करंगळीएवढी धार. निवळ आहे. निवळ असेतोवर भ्यायचं नाही असं वडील सांगायचे; गढूळ झालं की समजावं, पाळ आतून माती सोडते आहे. शिवण एका टाक्याला सुटली की पुढे आपोआप उसवत जाते, ते मी रोज बघतो. दिवसातून किती वेळा गोठ्यामागे जातो. म्हादूची बायको संशयाने बघायला लागली आहे.

सौ. आता हसत नाही. गाठोडं बांधून ठेवलंय. नदीपलीकडे माहेरी, मूल गावाला जाऊ म्हणाली, पण वैनगंगा दोन्ही थड्यांना लागली आहे, नाव बंद. भांडण झालं.

"दुकान पाह्यजे का मंदी पाह्यजे? एकडाव बोलून टाका."

असं विचारायचं असतं का कोणी? जेवलो नाही. दोघंही.

११ ऑगस्ट, गुरुवार

पाऊस हटत नाही. सभा शाळेच्या वर्गात, शाळा उंचावर आहे म्हणून तिथे कोरडं. आज मालक अठ्ठावीस दुकानांवर आले, गोमाजी सोळावर गेला. माडी मात्र हवीच, माडी नकोच. लोक खूष, वाद मिटत आला म्हणे.

मी उठलो. या वेळी खोकलो नाही. म्हटलं, शेंदराचा दगड बुडाला. म्हादूच्या गोठ्यामागे पाझर आहे. सोळा बांधा नाहीतर चाळीस, पाळ गेली तर एकही राहणार नाही, आधी माझं दुकान फोडा. शेवटचे शब्द किंचाळल्यासारखे निघाले.

कोणी तरी मागून म्हणालं, "शिंपी भेला रे!" हशा. मालक हसले, गोमाजी हसला. होळीपासून दोघं पहिल्यांदा एका गोष्टीवर एकत्र हसले असतील. गोमाजी जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सोमवारी पक्कं होते पाह्य. चार दिवस काढू." त्याचा हात गार होता.

घरी येऊन गोठ्यामागे गेलो. धार अंगठ्याएवढी. अजून निवळ. बहुतेक निवळ. अंधारात नीट कळलं नाही.

१२ ऑगस्ट, शुक्रवार

गढूळ.

सकाळी तांब्यात धरून पाहिली. तळाला पिवळी माती बसली. मालकांकडे धावलो. देवपूजेला बसलेत, असं सांगून पाठवलं. गोमाजी धानाच्या बांधीत गेलेला. म्हादूला दाखवलं, तो गुरं सोडून वर शाळेकडे घेऊन गेला, बस्स. खालच्या ओळीतल्या घरांना ओरडत सांगितलं. निम्मे निघाले. निम्मे म्हणाले, शिंपी येडा झाला.

दुपारी सौ.ने पेटी उघडली आणि हिरवा खण काढून मशीनवर ठेवला. चैतातच कापून ठेवला होता मी, दरसालच्या सवयीने.

मी म्हटलं, मान मालकांचा आहे.

"मान मान करून सारं गाव बसून राह्यलं. खण तं आपल्या घरचा हाये नं? आपला काईच मान नाई का?"

म्हटलं, देवळात हात ठेवलाय त्यांनी.

"त्यायनं ठेवला. तुमी नाई ठेवला."

खरंच. मला कोणी विचारलंच नव्हतं. सबंध गावात मोकळे हात कोणाचे असतील तर माझे, आणि गावात सर्वांत भित्राही मीच. भीती वाटते. पाण्याची वाटते, मालकांची वाटते, दुकान जाण्याची तर सगळ्यात जास्त. उजाडल्याबरोबर जायचं ठरलं. तोवर पाळीने दम धरावा.

१३ ऑगस्ट, शनिवार

शाळेत बसून लिहितोय. ही मापाची वही तेवढी कोरडी राहिली. हात सोलून निघालेत, अक्षर असंच येणार.

मंदाला शाळेत सोडून दोघं गेलो. पाणी बांधाच्या वरून चाटत होतं, भिंतीला लागून तुंबलं होतं. सौ. गुडघाभर पाण्यात उतरली. खण, नारळ, तांदूळ. मी पायातलं काढलं. मालकांचा मान आहे, तलावाने चूक पोटात घालावी, असं मनात म्हटलं आणि पहिला घाव बांधावर घातला. दुसरा भिंतीवर. म्हणजे माझ्या दुकानावर. चुना चांगला धरला होता. ठेकेदाराने तेवढं काम मात्र इमानाने केलं.

तिसऱ्या-चौथ्या घावाला रडू आलं, आवरलं नाही. सौ. सबल, लोखंडी पहार, घेऊन दुसऱ्या बाजूने लागली. बाई माणूस सांडव्यावर घाव घालते हे गावाने कधी पाहिलं नसेल.

मागे पाहतो तर गोमाजी. हाताची घडी घालून उभा. "पयला घाव कोनं घातला?"

मी घातला म्हटलं. मार बसणार असंच वाटलं होतं.

"मंग झालं तं," म्हणाला, आणि धोतर खोचून उतरला. त्याच्यामागे म्हादू, मग कोण कोण. होळीपासून अडलेले हात सगळे. मालक कधी आले कळलं नाही. छत्री धरून वर पाळीवर उभे होते. गोमाजीने एकदा वर पाहिलं आणि थांबला, सगळेच थांबले. मालकांनी छत्री मिटली. वाकून पायातले जोडे काढले आणि बाजूला ठेवले. इतकंच. लोक परत कामाला लागले.

भिंत मधोमध पडली. चौकट तेवढी उभी राहिली. पाणी त्या दारातून बाहेर पडलं, रस्त्याकडे तोंड करून, जिथे मी मशीन ठेवणार होतो तिथून.

आता दिवस कलला. खालची सगळी घरं वर आलीत. वर्गात पाय ठेवायला जागा नाही. सांडव्याचा आवाज इथपर्यंत येतो. पण वरून पाऊस चालूच आहे, आणि पाळ एकदा आतून सुटायला लागली की थांबते की नाही, कोणालाच सांगता येत नाही. कोपऱ्यात दोघं वाद घालताहेत की आता एक नंबर गेला तर मोजणी दोन नंबरपासून करायची का. मालक बाकावर माझ्या शेजारी बसलेत, अनवाणी. मघाशी म्हणाले, "बाहीचं माप घ्याचं राह्यलं नं तुयं?" हो म्हटलं. टेप घरी आहे. घर आहे की नाही माहीत नाही.

मंदा सौ.च्या मांडीवर झोपली. माझी भीती काही गेली नाही. वाटलं होतं, घाव घातला की जाईल.

गोमाजी तांब्या घेऊन गोठ्यामागे गेलाय, धार निवळ झाली की गढूळच आहे ते बघायला. बराच वेळ झाला. वाद घालणारेही दाराकडे बघताहेत. दाराशी कोणीतरी पायाचा चिखल धुतंय, गोमाजीच असावा.

मालक उठले. मीही उठतो.