यू. डी. कोलन यांचं गाव

रियाध,
शुक्रवार (म्हणजे आमचा रविवार)

ती. आसावरीताई,

तुझ्या धाकट्या भावाचा, हरिहरचा, रियाधहून वाकून नमस्कार. (कंबर धरलीय, त्यामुळे तूर्त मानेपासूनच वाकलोय, तो पूर्ण वाकल्याचा धरून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींनी लोणचं बंद केलं, की फक्त तुझ्यासमोर बंद केलं? आम्ही इथे सुखरूप. उन्हाळा असा पेटलाय की थंडचा नळ सोडला की चहाचं पाणी येतं, म्हणून गिझर बंद ठेवून गरमच्या नळाखाली आंघोळ करतो. नाशिकच्या माणसाला हे सांगून पटत नाही, पण तू पटवून घे. फोन सोडून पत्र का, असं तू विचारशीलच. फोनवर तू मला तिसऱ्या वाक्यापुढे सरकू देत नाहीस आणि मला तुला दोन हजार वर्षं सांगायची आहेत. म्हणून कागदावर लिहून त्याचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतोय. चष्मा लाव आणि मुकाट्याने वाच.

बातमी अशी की आपल्या तन्वीला जर्मनीतल्या कोलन शहरात पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळालाय. आर्किटेक्ट झाली ते पुरलं नाही, आता जुन्या दगडी इमारती कशा राखायच्या ते शिकायचंय. (आमच्या गल्लीतली सगळ्यात जुनी इमारत तन्वीपेक्षा वयाने लहान आहे. हे खूळ हिच्या डोक्यात आलं कुठून, देव जाणे.) होकार मंगळवारच्या आत कळवायचा. आणि कार्टी म्हणते, 'बाबा, तू हो म्हटलंस तरच.' हा शुद्ध अन्याय आहे. भांडली असती तर मलाही भांडता आलं असतं! अहमदाबादला इतकी वर्षं काढून गेल्या वर्षी कुठे ती घरी आली, घरात पुन्हा कुणीतरी बाथरूमचा दिवा चालू ठेवायला लागलं, आणि लगेच निघाली? मी ठरवलं, नाही म्हणायचं. पण पुराव्यानिशी. मुलीला स्थळ आलं की आपण घराणं, वय, पूर्वीची भानगड सगळं खोदून काढतो ना, तशी या गावाची चौकशी करायची, खोट शोधायची आणि मोडायचं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप लावून 'कोलन: काही गंभीर शंका' या विषयावर घरच्यांसमोर प्रेझेंटेशन द्यायचं, असा सगळा बेत होता.

पहिल्याच पावलाला तोंडघशी पडलो. तुला आठवतं, लहानपणी ताप चढला की आई कपाळावर युडीकोलनची पट्टी ठेवायची? तर मी आजपर्यंत, डोक्यावरचे केस जाईपर्यंत, असं समजत होतो की यू. डी. कोलन हे डॉक्टर होते. आपल्या गल्लीत कसे डॉ. पी. एम. कुर्तकोटी होते, तसे. माझ्या मनात त्यांचं चित्रही होतं: गोव्याकडचे असावेत, सोनेरी काड्यांचा चष्मा, बोलणं गोड. आमच्या ऑफिसात एक जर्मन सल्लागार येतात. त्यांच्याच तोंडून कोलनची निंदा काढावी म्हणून मी प्रस्तावना केली, की तुमच्या देशातलं एक गाव आणि आमच्याकडचे एक थोर डॉक्टर, दोघांचं नाव एकच, काय योगायोग पहा! त्यांनी अतिशय सभ्यपणे विचारलं, हे डॉक्टर कशातले तज्ज्ञ? मी म्हणालो, तापातले. घरी येऊन हे सांगितलं तर तन्वी हसता हसता सोफ्यावरून खाली घसरली. 'बाबा, दॅट्स नॉट अ डॉक्टर! ओ द कोलोन! फ्रेंच आहे ते. कोलनचं पाणी!'

वाचायला बसलो तर खरंच. तीनशे वर्षांपूर्वी एक इटालियन माणूस त्या गावात येऊन राहिला, त्याने सुगंधी पाणी करायला घेतलं आणि त्याला आपल्या जन्मगावाचं नाही, तर जिथे पोट भरलं त्या गावाचं नाव दिलं. मी तीस वर्षं इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, काढली. रियाधचं नाव मी कशालाही दिलेलं नाही. आणि बघ ना ताई, कुठलं ते ऱ्हाईनकाठचं गाव आणि कुठलं माझं नाशकातलं कपाळ! ज्या गावाने आपला ताप उतरवला त्याच्याबद्दल वाईट बोलायचं म्हणजे जीभ रेटत नाही. प्रेझेंटेशनचं पहिलं पान मी काढून टाकलं.

म्हटलं, घराणं पाहू. घराणं निघालं रोमन. आपल्या पांडवलेण्यात छिन्न्या चालू होत्या त्या काळात तिकडे रोमन लोक गटारं बांधत होते, आणि त्यातलं एक गटार अजून शाबूत आहे गं, माणूस आत उभा चालेल एवढं! पिण्याचं पाणी पुढे कुठून आणलं? लांबच्या डोंगरातून, नाशिकहून इगतपुरीला जाऊन परत यावं एवढ्या अंतरावरून, निव्वळ उतार साधून. पंप नाही, वीज नाही. मी कपाळाला हात लावला. गावाच्या नावाची गंमत तर ऐकच. तिथे जन्मलेली अग्रिपिना नावाची बाई पुढे रोमच्या बादशहाची बायको झाली आणि तिने नवऱ्याच्या मागे लागून आपल्या माहेराला 'कोलोनिया' असा मोठा दर्जा मिळवून दिला. तेच नाव झिजत झिजत कोलन झालं. म्हणजे मूळ अर्थ काय, तर कॉलनी. दोन हजार वर्षं गावाचं नाव नुसतं 'कॉलनी'! हे मी मोठ्या कौतुकाने अनुराधाला सांगितलं. ती म्हणाली, 'बघा, बादशहा असून बायकोच्या माहेराची कदर होती. तुम्ही चिपळूणला दोन रात्री राहिलात की तुम्हाला सर्दी होते.' (पुढे त्याच बाईने नवऱ्याला विषारी अळंबी खाऊ घातली असं म्हणतात. ते मी अनुराधाला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.)

घराण्यात खोट नाही, तेव्हा भानगडीकडे वळलो. तुला माहीतच आहे, मी कामांचं वेळापत्रक आखणारा माणूस. कुठली इमारत कोणत्या तारखेला उभी राहील हे सांगायचं आणि ती राहिली नाही की लोकांवर डोळे वटारायचे, हा माझा धंदा. त्या गावात एक प्रचंड चर्च आहे. बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेल्या तीन राजांच्या अस्थी तिथे आहेत अशी भाविकांची श्रद्धा, त्या सोन्याच्या पेटीत ठेवलेल्या, म्हणून यात्रेकरूंची रीघ, म्हणून मोठं चर्च हवं. पाया घातला बाराशे अठ्ठेचाळीस साली. आणि काम पुरं कधी? अठराशे ऐंशी साली! ताई, मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. मध्ये काम बंदच पडलं, आणि अर्धवट बुरुजाच्या डोक्यावर लाकडी क्रेन तशीच उभी राहिली. जवळजवळ चारशे वर्षं! इकडे शिवाजी महाराज जन्मले, राज्याभिषेक झाला, पेशवाई आली, पेशवाई बुडाली, आणि तिकडे क्रेन आपली जागेवर. कुणी पाडली नाही. माणसं तिच्याखाली जन्मली, म्हातारी झाली, गेली, आणि प्रत्येकाने मनात धरलं असेल की काम बंद नाही, थांबलंय.

हे वाचून मी इतका भारावलो की दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा इंजिनिअर उदय (आपल्या जळगावचा आहे, पोरगा हुशार) भेटायला आला, तर त्याला सगळी कथा सांगितली. त्याने फार भक्तिभावाने ऐकली. संध्याकाळी त्याचा मुदतवाढीचा अर्ज आला. 'सर, त्यांना सहाशे वर्षं, मग आम्हाला सहा आठवडे नाहीत?' तीस वर्षांत पहिल्यांदा मी अर्जावर न ओरडता सही केली आणि वरच्या साहेबांनी मला बोलावून तब्येत विचारली.

बरं, एवढ्या वर्षांनी काम पुन्हा सुरू कसं केलं म्हणशील, तर जुन्या नकाशावरून! दर्शनी भागाचा तो भला थोरला नकाशा अर्धा एका खाणावळीच्या माळ्यावर सापडला (त्यावर शेंगा वाळत घालत असत म्हणे!), आणि उरलेला अर्धा पॅरिसला. दोन्ही तुकडे जुळवले आणि पाचशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाने काढलेल्या रेघांबरहुकूम बुरूज चढवले. बांधून झालं तेव्हा जगात त्याहून उंच इमारत नव्हती. आमच्या ऑफिसात मार्चमधला नकाशा एप्रिलमध्ये मिळत नाही! हे मी नव्या मेट्रोत वाचत होतो. इतका रंगलो की आपलं स्टेशन गेलं, त्याच्या पुढचं गेलं, आणि शेवटच्या स्टेशनावर सफाईवाल्याने 'खलास, खलास' म्हणत मला खाली उतरवलं. तेवढ्यात अनुराधाचा फोन, कुठे आहात? माझ्या तोंडून गेलं, पॅरिसला. मग घरी पोचल्यावर जे झालं त्याचा कोलनच्या इतिहासाशी संबंध नाही.

शेवटी युद्धाचं प्रकरण आलं आणि तिथे मात्र माझी सगळी थट्टा जिरली. एक काळापांढरा फोटो आहे. पूल नदीत कोसळलेला, घरं म्हणजे नुसत्या उघड्या भिंती, जिकडे पाहावं तिकडे दगडविटांचा खच, आणि मधोमध ते चर्च उभं. त्यालाही बॉम्ब लागले होते, तरी उभं. लाखांनी माणसं होती तिथे मूठभर हजार उरली. मला वाटलं, संपलं, आता याच्यापुढे पान नाही. पण पान होतं. माणसं परत आली, ताई! छप्पर नाही, विस्तव नाही, खायला नाही, तरी हातगाड्या ओढत परत आली. मी जन्मभर आराखडे केले, पण 'माणसं परत येतील' अशी ओळ मला कुठल्याच आराखड्यात लिहिता आली नसती. माझे डोळे भरून आले, ते मी एसीच्या गार वाऱ्यावर ढकललं.

तन्वी मागे येऊन कधी उभी राहिली मला कळलं नाही. म्हणाली, 'मला हेच शिकायचंय बाबा. जे उरलंय ते धरून कसं ठेवायचं.' मग अगदी लहानपणी विचारायची तशा आवाजात, 'मग, जाऊ ना मी?' आणि मी, तुझ्या या हट्टी भावाने, तिला परवानगी दिली. एका शब्दात दिली. ही मघाशीच घडलेली गोष्ट. म्हटलं, सगळ्यात आधी ताईला कळवावं. तेव्हा प्रश्न मिटलाय, काळजीचं कारण नाही, तुझ्याकडे काही काम म्हणून लिहिलेलं नाही, निव्वळ आनंदाची बातमी. भावोजींना नमस्कार, आणि तुझ्या गुडघ्यांना माझ्याकडून विश्रांती.

तुझा,
हरिहर

ता. क. तन्वीसाठी मेतकूट आणि भाजणी करून ठेव. तिकडे थंडी फार असते.

ता. क. २. मेतकूट इतक्यात भाजू नकोस. थोडा घोळ झालाय, तो वर लिहिला नाही. तुला ठाऊक आहे, आपल्या घरात निघणाऱ्याला कुणी 'जा' म्हणत नाही. मी पहिल्यांदा इकडे निघालो तेव्हा आईसुद्धा दारात 'ये हो' एवढंच म्हणाली. तन्वीने 'जाऊ ना मी?' विचारलं आणि माझ्या तोंडून आपसूक तेच गेलं: 'ये.' पोरगी वाढली इंग्रजी शाळेत, शिकली गुजरातेत, घरातून निघताना आम्ही तिला 'बाय' करत आलो. तिला वाटलं, बाबा जवळ बोलावतोय, जाऊ नको म्हणतोय. ती आली. माझ्या खांद्यावर डोकं टेकून जरा वेळ बसली, 'ओके बाबा' म्हणाली, आणि उठून, हौसेने आधीच भरायला घेतलेल्या बॅगेतले कपडे परत कपाटात लावायला लागली. अनुराधा घरात असती तर तिने तिथल्या तिथे उलगडा केला असता, पण ती खाली शेजारणीकडे गेलीय.

ता. क. ३. तू म्हणशील, मग सांगायचं की गाढवा, की तसं नव्हे. सांगणारच होतो. पण ताई, ते कपडे कपाटात जाताना पाहून मला इतकं बरं वाटलं की मी गप्प बसलो. अजून गप्पच आहे. आई 'ये हो' म्हणाली होती आणि मी तीस वर्षं अजून येतोच आहे, त्याची भीती वाटते गं. तेव्हा वरचं सगळं सोड आणि एवढं एकच काम कर. वाचून होताच तिला फोन लाव आणि आपल्या घरात 'ये' म्हणजे काय ते आत्या म्हणून तिला नीट समजावून सांग. मला लावू नकोस. माझ्या हातात फोन आला तर मी तुझंही ऐकणार नाही. आणि लवकर कर. ती आत कपाट लावतेय, आणि हे पाठवलं की मी तिला घड्या घालून द्यायला चाललोय.