फुंकायच्या आणि पुसायच्या

रवि. ४ जाने.
संभा साताऱ्याहून आला. फौजेतून सुटल्यापासून जुन्या व्हिडिओ गेमचं प्रदर्शन भरवायचं खूळ. गावी, कुंडलला, लहानपणी दोघांनी मिळून जमवलेलं सगळं माळ्यावरून काढून हॉलभर पसरलं. वैशाली वैतागली, पण चहा देत राहिली.
वाद एकच: पाटीवर कॅसेट लिहायचं की कार्ट्रिज? आत फीत नाही, चिप असते, हे आता कळतं. पण आपल्याकडे दुकानात जाऊन कार्ट्रिज कुणी मागितलं होतं? कॅसेटच ठरलं.

गुरु. ८
आंघोळ करताना वर्गवारी सुचली. कंपनी नको, साल नको. गेम चालली नाही की आपण काय करायचो, त्यावरून लावायचं. कॅसेटी फुंकायच्या. सीड्या पुसायच्या, बनियनला. लगेच संभाला फोन. हसून हसून त्याला ठसका लागला. "लय भारी, गड्या. हेच लावू. खाली तुजं नाव टाकू." रात्री पाट्या रंगवल्या, उद्या साताऱ्याला पाठवायच्या. बऱ्याच दिवसांनी मजा आली.

शनि. १७
सातारा. प्रदर्शनात माझी एकही पाटी नाही. 'रॉम कार्ट्रिज', 'ऑप्टिकल डिस्क', सगळं छापील, पिढ्यांप्रमाणे. माझ्या पाट्या टेबलाखाली, पालथ्या. विचारलं तर बाजूला घेऊन म्हणाला, "मोठी माणसं यायची व्हती. फुंकायच्या म्हणलं असतं तर खेडवळ वाटलं असतं रं."
खेडवळ! कुंडलचाच तो, आणि मला सांगतो. जेवायला थांबलो नाही.

सोम. १९
वै.ने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. उद्घाटनाचं भाषण. मला मुद्दाम उशिराची वेळ दिली होती हे आत्ता कळलं. संभा माईकवर: "माज्या हिशेबानं परकार दोनच. फुंकायच्या आन् पुसायच्या. ही वर्गवारी माजी सोताची हाय." लोक पोट धरून हसतायत. टाळ्या.
पाटीवर लाज वाटली आणि माईकवर चालली. तीही स्वतःच्या नावावर. दगा दिला मला.
वै. म्हणाली, एवढ्याशा शब्दासाठी एवढं? मी म्हटलं, वर्गवारी दोघांची म्हणाला असता तरी चाललं असतं. नुसतं 'आमची' म्हणायचं होतं.

शुक्र. २३
संभाचे फोन. उचलले नाहीत.

रवि. १ फेब्रु.
त्याचा मेसेज, सोबत फोटो. नवी गेम कुणीतरी भेट दिलीय. झकपक डबा, आत कॅसेट नाही, सीडी नाही, नुसता कोड छापलेला कागद. "हिला कुठं बसवू कळंना. फुंकता येत न्हाई, पुसता येत न्हाई. नाव तूच ठेव गड्या. पुढलं प्रदर्शन तुज्याच विश्रामबागेत हाय." बाकी एक अक्षर नाही. चुकलो, एवढंसुद्धा नाही.
मेसेज वाचतावाचताच नाव सुचलं. उसनी. डबा आपल्या हातात, पण कंपनीनं तिकडून बंद केली की संपलं. आपली कधी नव्हतीच.
पाठवलं तर घराजवळच्या हॉलमध्ये बसून ते त्याच्या तोंडून ऐकायचं. नाही पाठवलं तर तो काहीतरी भलतंच नाव ठेवणार, आणि तेही मला बघवणार नाही.
टाइप केलंय. अजून पाठवलेलं नाही.