पाच वाणी आणि मागची खोली

मी, खाली सही करणार, वय बहात्तर, धंद्याने सुतार, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्या दबावाला बळी न पडता (दबाव टाकायची घरात कोणाची छाती नाही) लिहून देतो की, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंची वाटणी पुढीलप्रमाणे व्हावी.

कलम १. करवती, रंधे, पटाशा पुतण्याला. तो खिळा सोडून बोट ठोकतो, पण घराण्यात दुसरे कोणी उरले नाही.

कलम २. घरही त्यालाच. मात्र मागच्या खोलीत माझी धाकटी बहीण राहील. काचेच्या पेटीत मी पाळलेले वाणी, म्हणजे ते हजार पायांचे किडे, त्यातला एक तरी, पिल्ले धरून, जिवंत असेपर्यंतच. शेवटचा मेला की आठ दिवसांत खोली रिकामी करावी. हे कलम मी तिला सांगून ठेवले आहे. तेव्हापासून ती किड्यांशी लाडाने बोलते.

कलम ३. पेटीतला बिछाना बहिणीनेच करावा. गळून वर्ष झालेली पाने दोन वाटे, बोटाने चुरगळेल असे पांढरे कुजके लाकूड एक वाटा, औषध न मारलेली माती एक वाटा, अंड्याच्या टरफलांची पूड मूठभर. चीड-देवदार नको, राळेने किडे मरतात. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. थर वीतभर. दर तीन महिन्यांनी वरचा थर बदलावा, तळाला हात लावू नये. जन्मभर मी लाकूड कुजू नये म्हणून झटलो, आता ही कुजक्यासाठी वणवण करील. करू दे.

तळाला हात का लावायचा नाही, हे तिला चांगले ठाऊक आहे. चार वर्षांपूर्वी मी दोन दिवस बाहेर होतो. माझी थोरली मादी, नऊ वर्षे जपलेली, कात टाकायला खाली गेली होती. तेव्हा हे किडे पांढरेफट आणि निपचित पडतात. हिने ती मेली समजून कचऱ्यात टाकली आणि पेटी फिनाइलने धुतली. बाकीचेही गेले.

"दादा, वास येत होता रे," म्हणाली.

वास! नवऱ्याने टाकल्यावर एक ट्रंक घेऊन दारात आली, तेव्हा मी नाक धरले नव्हते. पेटी धुतल्यानंतरही मी तिच्या हातचा चहा घेतो, पण तिला माफ केलेले नाही.

कलम ४. हे कलम पुतण्याने व वकिलांनी वाचावे, बहिणीला वाचून दाखवू नये. नंतर मी आठ वाणी आणले होते. अंगावरच्या कड्यांपैकी डोक्याकडून सातव्या कड्याशी पाय नसले की तो नर. असे पाच नर ठेवून तिन्ही माद्या मी गेल्या महिन्यात वकिलांच्या भाचीला देऊन टाकल्या. नर फार तर दोन वर्षे काढतील. बहीण एकसष्ट वर्षांची आहे, आणि तिला दुसरे घर नाही.

माद्या कुठे गेल्या, असे तिने विचारले. कात टाकायला तळाशी गेल्यात, असे मी सांगितले. उकरून बघायची तिची आता हिंमत नाही.

काल ती पोतेभर पाने घेऊन आली. गुडघे धरून खाली बसली, चाळण घेतली.

"दादा, त्या वर आल्या की पिल्लं होतील ना रे?"

"बिछाना चांगला कर. होतील," मी म्हणालो.

स्थळ : राहते घर
दिनांक : १४ सप्टेंबर
सही : (सुतार)
साक्षीदार : १. शेजारचा शिंपी २. वकिलांचा कारकून