पेमाकाकीचा दोर

१२ जून २०२३

"दोर कापलास बाई. आता बाया धरतील कशाला?"

पेमाकाकी हे बोलली त्याला वीस वर्षं झाली. ती तांड्यावरची सुईण, मी उपकेंद्रात नवीन लागलेली नर्स. चोवीस वर्षांची, सातवा महिना, आणि पोटापेक्षा तोरा मोठा! सखुबाई उकिडवी बसून, आढ्याला बांधलेला दोर धरून कळा सोसत होती. मी पिशवीतली कात्री काढली, दोर कापला, तिला चटईवर उताणी निजवलं. आम्हाला तसंच शिकवलं होतं. तिचा जगन सुखरूप झाला. पण त्या दिवसापासून पेमाकाकी माझ्याशी बोललेली नाही.

आजच का आठवलं? एकाच दिवशी दोन कागद हातात पडले. एक बढतीचा — सेनगावला पर्यवेक्षिका, टेबल-खुर्ची. दुसरा दीड वर्षाच्या मिडवाइफरी प्रशिक्षणाचा, म्हणजे सुईणपण नव्यानं शिकायचं. शुक्रवारपर्यंत एकच निवडायचा.

१३ जून

प्रशिक्षणाचं काढलं तर आमचे नवरोबा, हरीश, हसले. चव्वेचाळिसाव्या वर्षी होस्टेल! भेटायला येताना चिवडा आणू की लाडू, म्हणे. चिडवत होते, पण मनातून रागावलेत.

सासूबाई सरळच बोलल्या. "घरोघर बाळंतपणं करायला पेमाला कुठं कागद लागला? खुर्ची मिळून राहिली तर काहून नको म्हणतीस?"

त्यांना द्यायचं उत्तर इथं देते. तांड्यावर दर वर्षी तीन-चार लेकरं घरीच होतात. मला बोलावणं येतं ते नाळ कापायला, कधी त्याहूनही उशिरा. मला आधी पोचायचंय. आणि पोचल्यावर घाबरायचं नाहीये. एवढंच. पण हे जेवताना कसं सांगणार?

१६ जून

मिडवाइफरी. सही केली!

४ ऑक्टोबर, होस्टेल

शिकवणाऱ्या मॅडम माझ्याहून दहा वर्षांनी लहान. आज त्यांनी छताच्या कडीला लांब कापड बांधलं, स्वतः लोंबकळून दाखवलं. बाईला हवं तसं बसू द्या, उभं राहू द्या, धरायला काहीतरी द्या, म्हणाल्या. असं प्रत्यक्ष कुणी पाहिलंय का?

मी हात वर केला. सगळं सांगितलं — उकिडवं बसणं, पाठीशी सासू, आढ्याचा दोर. टाळ्या पडल्या!

कात्रीचं नाही सांगितलं.

माझी आरोही झाली तेव्हा मी काय धरलं होतं? दवाखान्याच्या खाटेचा गज. चौदा तास. तळहाताला गंजाचा वास किती दिवस येत होता.

५ ऑक्टोबर

कात्रीचंही सांगितलं. कुणी हसलं नाही. मॅडम म्हणाल्या, "मीही कापलेत."

११ मार्च २०२५

पास! वर्गात चौथी. हरीश न्यायला आले, चिवडा घेऊन. निम्मा वाटेत त्यांनीच संपवलेला.

उपकेंद्र तेच, खुर्ची दुसरीला मिळालेली. वाईट वाटेल असं धरून चालले होते. नाही वाटलं.

१९ ऑगस्ट

आज लिहिल्याशिवाय उठणार नाही.

दुपारी बाराला जगनचा फोन — हो, सखुबाईचा तोच जगन! बायको पुनम, पहिलटकरीण, कळा एकाएकी वाढल्या. तांड्यावरची एकुलती जीप बाजाराला गेलेली. रुग्णवाहिका बोलावली आणि स्कूटी काढली. तपासलं तर हलवायची वेळ गेलेली. बाळाचे ठोके मात्र छान, बराबर.

पुनम आडवी व्हायला तयार नाही. "बसू द्या ना सिस्टर." म्हटलं, बस. जगन, दोर आण.

त्यानं बैलाचा नवा कोरा दोर आणला. मी धान्याच्या डब्यावर चढून आढ्याला बांधला. ओढला — घसरला. परत बांधला — परत घसरला. दीड वर्षात सगळं शिकवलं, गाठ नाही शिकवली!

दारातून आवाज आला. "उतर खाली. तुझ्यानं व्हायचं न्हाई."

पेमाकाकी! काठी टेकत आलेली. तिनं जगनला वर चढवलं, खालून एकेक वेढा सांगितला, दोराला स्वतः लोंबकळून बघितलं आणि जगनला बाहेर हाकललं. मग कोपऱ्यात बसली.

पुनमनं दोर धरला. पाठीशी सखुबाई. मी समोर जमिनीवर, हात तयार, तोंड बंद. एकदाही "जोर लाव" म्हणाले नाही. पाऊण तासानं पोरगी आली, सरळ माझ्या हातात! दोन किलो नऊशे. टाका एकही नाही. नाळेची धडधड पूर्ण थांबू दिली, तेव्हाच कात्री काढली. पेमाकाकी त्या कात्रीकडं बघून राहिली होती.

रुग्णवाहिका आली तेव्हा पुनम चहा पीत होती.

निघताना काकी माझ्याकडं न बघता म्हणाली, "आता बराबर शिकून आलीस."

बावीस वर्षांनी! येताना स्कूटीवर मोठमोठ्यानं गात आले. शेतातल्या बाया माना वळवून बघत होत्या. बघू देत.

२ सप्टेंबर

आरोही माहेरी आलीय, नववा लागला. म्हणते, आई, खाट नको, घरीच, तुझ्या हातानं. तपासण्या सगळ्या चांगल्या. गाडी दारात उभी ठेवू. मी हो म्हटलं.

आमच्या घराला आढं नाही, स्लॅब आहे. पण पाळण्याची कडी आहे.

उद्या तांड्यावर जाणार. नाहीच म्हणेल ती. एक वाक्य चांगलं बोलली म्हणजे कापलेला दोर विसरली, असं थोडंच आहे? तरी विचारणार — काकी, माझ्या लेकीसाठी दोर बांधायला येशील का?