व्याजासकट स्तुती

गारखेडा, छ. संभाजीनगर
ता. ७ एप्रिल २०२५

चि. सौ. दमूस अ. उ. आ.

गारखेड्याहून उस्मानपुऱ्याला पोस्टानं पत्र पाठवणारा मी या शहरातला शेवटचा माणूस असेन. हस खुशाल. पण तुझ्या चिरंजीवांच्या कृपेनं मी नातेवाइकांशी फोनवर बोलणं सोडलं आहे.

मागच्या आठवड्यात मिहिरचा फोन आला. मामा, तुमच्याकडं पाण्याचं कसं काय, म्हणाला. मला वाटलं, भाच्याला काळजी! मी आपल्या सवयीनं म्हणालो की अरे, सुदर्शनभाऊंसारखा पुढारी मिळायला भाग्य लागतं, आठवड्यातून एकदा नळाला धार लागते तेव्हा आमच्या घरी दिवाळी असते. टोमणा त्याला कळला. खदाखदा हसलासुद्धा. आणि संध्याकाळी त्याच्या त्या ‘शहरनाद’ चॅनेलवर माझा फोटो, माझा आवाज आणि खाली पट्टी, की पाणी कृती समितीचे अध्यक्ष म्हणतात, भाऊ मिळायला भाग्य लागतं, घरी दिवाळी! मधलं ‘आठवड्यातून एकदा’ गायब. त्याचं हसणंही गायब.

जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. वरून स्तुती आणि आतून निंदा, तिला व्याजस्तुती म्हणतात, हे तुझ्या मिहिरलाही मीच शिकवलं. त्यानं आतलं काढून टाकलं आणि वरचं विकलं. समितीनं मला अध्यक्षपदावरून काढलं. टँकरपाशी आमच्या कॉलनीतल्या गोजरबाईनं सगळ्यांदेखत विचारलं की सर, तुमी किती टँकरला इकले गेले?

माझं मागणं एकच. मिहिरनं त्याच पडद्यावर सांगावं की मामांचं बोलणं आम्ही कापलं. एक वाक्य. ते आलं नाही तर मी गप्प बसणारा नाही, हे त्याला सांग.

तुझ्यावर राग नाही. लोभ आहे तसाच आहे.

तुझा
हेमचंद्रदादा

*

उस्मानपुरा
ता. १२ एप्रिल २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

पोस्टमननं पाकीट हातात दिलं तेव्हा म्हटलं कोर्टाची नोटीस आली. उघडून बघते तर तुझं मोत्यासारखं अक्षर. असाच रुसत जा बाबा, निदान पत्र तरी येतं.

मिहिरला मी चांगलं फैलावर घेतलं. तो म्हणतो, चॅनेलात निम्मे पैसे भाऊंचे, भाऊंचं चांगलं दाखवा असा वरून हुकूम. त्याचा संध्याकाळचा कार्यक्रम हल्ली कुत्रंसुद्धा बघत नाही, मालक रोज आकडे तोंडावर फेकतो. पोरगं घाबरलेलं आहे रे. तुझ्या घरी येऊन पाया पडतो म्हणतोय. पडद्यावर ते वाक्य म्हणाला तर मात्र त्याच दिवशी घरी बसेल.

आणि सोळा मेला त्याचं लग्न आहे! मनस्विनीच्या घरच्यांनी नोकरी बघूनच मुलगी दिली आहे. तुझा फेटा मी आणून ठेवलाय, आंबा रंगाचा, तुला आवडतो तसा. मंगलाष्टकांच्या वेळी नवऱ्यामुलाच्या पाठीशी मामा उभा राहतो. मामाच रुसला तर माझ्या लेकाच्या पाठीशी कोण उभं राहणार? तेव्हा झालं गेलं जायकवाडीला मिळालं असं समज.

वहिनींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
दमू

*

गारखेडा
ता. २४ एप्रिल २०२५

चि. सौ. दमूस अ. उ. आ.

मिहिर आला होता. मी दार उघडलं नाही. साऱ्या शहरासमोर मामाला नागवायचं आणि माफी दाराआड मागायची, हा कुठला न्याय? आतूनच म्हणालो की साहेब, आपण मोठी माणसं, गरिबाच्या उंबऱ्याला पाय कशाला लावता. अर्धा तास उभा होता म्हणे. राहू दे.

आता गंमत ऐक. त्याच्या ‘तुमचा आवाज’ कार्यक्रमात प्रेक्षकांचे फोन लाईव्ह घेतात. लाईव्हमध्ये कात्री चालत नाही! शेजारच्या बन्सी किराणावाल्याचा मोबाइल घेतला आणि लावला. म्हटलं, शहरभर पाइप गळतात, पण सुदर्शनभाऊंनी आमच्या वॉर्डात अशी जादू केली की एक थेंब गळत नाही, कारण पाइपात थेंबच नसतो. टीव्हीवर समोर मिहिर बसलेला, त्याचा चेहरा चुना लावल्यासारखा. फोन कापावा तर कसा? भाऊंची स्तुती चालली होती ना!

दुसऱ्या दिवशी म्हणालो, पूर्वी कॉलनीत कुणी कुणाशी बोलत नव्हतं, आता टँकरच्या रांगेत सगळे तास तास गप्पा मारतात, भाऊंनी शेजारधर्म वाढवला. तिसऱ्या दिवशी रस्त्यांचं घेतलं. खड्ड्यांमुळे कुणी गाडी जोरात हाणत नाही, भाऊंना पोरांच्या जिवाची केवढी काळजी! आता लोक माझी वाट बघतात. बन्सीच्या दुकानात टीव्हीपुढं गर्दी होते. शेंद्र्याहून, पैठण गेटहून फोन येतात, सगळे भाऊंचं कौतुक करतात आणि शहर पोट धरून हसतं. गोजरबाई म्हणाली, सर, लई भारी, आमाला आदी कळलंच नाय. समितीनंही परत बोलावलं. तो कार्यक्रम आता कुत्री-मांजरंही बघतात म्हण.

व्याजस्तुतीतल्या व्याजाचा अर्थ खोटेपणा. मी मात्र दुसऱ्या व्याजासकट परत करतोय. ते वाक्य येईपर्यंत चालू राहील.

तुझ्यासाठी आशीर्वाद नेहमीचेच.

हेमचंद्रदादा

*

उस्मानपुरा
ता. ३ मे २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

पहिले दोन फोन मीही ऐकले आणि हसले, खोटं कशाला बोलू. आता हसू येत नाही.

कार्यक्रमाचे आकडे वाढले म्हणून मालक खूश होता. पण भाऊ भडकले. मालकानं मिहिरला सांगितलं आहे की तुझ्या मामाचं तोंड बंद कर, नाही तर लग्नाच्या सुट्टीवर जाशील तो परत येऊ नकोस. मनस्विनीच्या वडिलांनी काल फोन करून आडून आडून चौकशी केली. पोरगं जेवत नाही. लग्नघर आहे आणि कुणी मोठ्यानं बोलत नाही.

दादा, तुझं नाव तुला परत मिळालं. लोकांना कळलं, समिती परत आली. अजून काय हवं? मिहिर चुकला, शंभरदा चुकला. पण माझ्याकडं बघ. मी तुझ्यापुढं पदर पसरते. आता फोन करू नकोस. सोळा तारखेला ये आणि त्याच्या मागे उभा राहा.

माझ्यावर खरंच लोभ असेल तर या वेळी दाखव.

तुझी
दमू

*

गारखेडा
ता. ८ मे २०२५

चि. सौ. दमूस अ. उ. आ.

पत्र पोचलं. माझ्या पाठीत सुरा खुपसला तेव्हा कुणी पदर पसरला नव्हता. तेव्हा झालं गेलं जायकवाडीला मिळालं होतं!

कालचा फोन तू ऐकलाच असशील. भाऊंचं पुरे झालं, म्हटलं आज आपल्या माणसांचं कौतुक करावं. म्हणालो की समोर बसलेला हा निवेदक माझा सख्खा भाचा. असा भाचा सात जन्मांत मिळायचा नाही, मामाच्या बोलण्यातलं सोनं तेवढं ठेवतो आणि माती उडवतो. आणि धन्य ती माउली, खाल्ल्या मिठाला जागावं हे तिनं पोराला दुधाबरोबरच पाजलं. बन्सीच्या दुकानात लोक लोळायचे बाकी होते. मिहिरनं मान खाली घातली, ती कार्यक्रम संपेपर्यंत वर केली नाही. दमू, माझ्या काळजाला काय थंडावा मिळाला म्हणून सांगू!

तुला लागलं असेल तर लागू दे थोडं. तुझ्याच लाडानं तो शेफारला.

आणि लग्नाचं म्हणशील, तर ते एक वाक्य पडद्यावर आलं की येतो. नाही आलं तर मामावाचून लग्न कसं लावतेस ते बघतोच.

आशीर्वाद आहेतच.

हेमचंद्रदादा

*

उस्मानपुरा
ता. १९ मे २०२५

श्री. हेमचंद्रराव यांस स. न. वि. वि.

चि. मिहिरचं लग्न सोळा तारखेला यथासांग पार पडलं. मामावाचून कसं लावते ते आपण बघणार होतात, म्हणून कळवते.

आपलं पत्र मिळालं त्याच दिवशी मी सुदर्शनभाऊंच्या बंगल्यावर गेले. मला भाऊ उरला नाही, माझ्या मुलाच्या पाठीशी तुम्ही उभे राहाल का, असं विचारलं. माणूस हुशार. हसले आणि हो म्हणाले. मिहिरची नोकरी राहिली. मला लाज वाटली असेल असं आपल्याला वाटेल. आपण साऱ्या शहराला माझं दूध ऐकवलंत, त्यानंतर लाज वाटायला काही शिल्लक राहिलं नव्हतं.

मंगलाष्टकं चालू होती तेव्हा भाऊ आंबा रंगाचा फेटा बांधून मिहिरच्या मागे उभे होते. सगळं ‘शहरनाद’वर लाईव्ह होतं. आपल्या फोनांपेक्षाही जास्त लोकांनी बघितलं म्हणतात.

आपल्या गारखेड्याच्या कॉलनीतल्या सगळ्यांना आवतण होतं. गोजरबाई पंगतीत मला म्हणाली की सरांच्या सख्ख्या बहिणीनंच भाऊला भाऊ मानलं, म्हंजी सर खरंच कौतुक करत व्हते, आमी येड्यावानी हसत बसलो. समितीची माणसंही तेच बोलत होती. मी त्यांना आग्रह करून जिलेबी वाढली.

जेवणं चालू असताना मोठ्या पडद्यावर आपले भाऊंवरचे फोन लावले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. वर लिहिलं होतं, सुदर्शनभाऊंविषयी मामांचे उद्गार. लोकांनी टाळ्या वाजवल्या, भाऊंनी उभं राहून हात जोडले. आपली पुन्हा तक्रार नको म्हणून मी मिहिरला आधीच बजावलं होतं. त्यानं एक शब्दही कापला नाही.

कळावे.

सौ. दमयंती सेलूकर