बोका आणि तीन खुंट्या

४ जून

गेली! माझ्या डोळ्यांदेखत गेली! दुपारच्या सुट्टीत जेवण बाजूला सारून मोबाइलकडे बघत बसले होते. लिलाव संपत आला आणि 'बोका' नावाच्या कुणीतरी बोली वाढवली. मी वाढवली. त्यानं परत वाढवली. संपलं! माझ्या नाकावर टिच्चून गिटारीच्या खुंट्यांची डावी पट्टी घेऊन गेला मेला.

हवी कशाला, तर मामानं घर बदलताना आपली जुनी गिटार मला दिली. गिटार कसली, सांगाडा! तारा नाहीत, तारा पिळायच्या खुंट्या नाहीत, तारा ज्यावर टेकतात ती घोडी नाही. बनवणारा कारखाना कधीच बंद पडला आणि दुसऱ्या कुणाचे भाग तिच्या भोकांना जुळत नाहीत. म्हणजे लिलावात जुनेच शोधायचे. त्यात विकणारा इतका बेरकी – तीन खुंट्यांची डावी पट्टी वेगळी विकतो, उजवी वेगळी!

मला गिटार वाजवता येत नाही. धरायची कशी तेही माहीत नाही. पण शिकणार. पन्नाशी आली म्हणून काय झालं! दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घडवते, आता एक वस्तू स्वतःसाठी.

११ जून

जिंकले!!! उजवी पट्टी माझी! बोका शेवटपर्यंत हात धुवून मागे लागला होता, पण हटले नाही.

ठरवलेल्या आकड्याच्या तिप्पट गेले. भाची म्हणाली, "मावशी, एवढ्यात नवी कोरी गिटार आली असती. वर पिशवी फुकट." तिला काय कळतंय! आठवडाभर मनातल्या मनात मी ती पट्टी गिटारीला लावून टाकली होती. आपल्या घरातली वस्तू कुणी उचलून न्यायला लागलं, तर माणूस भाव बघत बसतो का?

आता डावी त्याच्याकडे, उजवी माझ्याकडे. दोघांच्याही गिटारी मुक्या!

१२ जून

मालक ओरडले. एका कवळीत डावा सुळा उजवीकडे बसवला होता मी. कालच्या दुपारचीच ती.

१९ जून

आज लिलावात गिटारीचं आवाजाचं बटण. प्लास्टिकचं, तेही चिरलेलं. मी घेणार नव्हते, खरंच! पण बोक्यानं बोली लावली आणि माझे कान टवकारले. हा इतकं वाढवतो म्हणजे मोठा वाजवणारा असणार. लांब केस, बोटांत अंगठ्या, डोळे मिटून वाजवत असेल. असा जाणकार ज्याच्यासाठी जीव टाकतो, त्या बटणात काहीतरी असणारच. मला कुठलं कळायला! घेऊन टाकलं.

भाचीला म्हटलं, विकणाराच बोका होऊन भाव चढवत नसेल ना? "नाही गं. स्वतःच्या मालावर बोली लावता येत नाही. साइट लगेच अडवते."

हुश्श! म्हणजे बोका खरा आहे.

संध्याकाळी त्याचा निरोप! 'अभिनंदन, दातवाली. पुढच्या वेळी सोडणार नाही.' (दातवाली हे साइटवरचं माझं नाव – भाचीचा उद्योग.) स्वयंपाक करताना एकटीच हसत होते.

२ जुलै

घोडी आली लिलावाला! घोडीशिवाय सगळं फुकट. उद्या दुपारी संपणार. विकणारा कोण ते कळत नाही, ही साइट विकणाऱ्याचा नुसता नंबर दाखवते. कोण का असेना! उद्या बोक्याशी समोरासमोर!

उद्यासाठी नवा कुडता काढून ठेवलाय. मोबाइल काय मला बघणार आहे? वेडी कुठली!

३ जुलै

मिळाली. सुरुवातीच्या किमतीला. बोका आलाच नाही.

शेवटपर्यंत वाट पाहिली. एकदा वाटलं, स्वतःच बोली वाढवावी, म्हणजे तो येईल. एवढी स्वस्त घोडी, आणि चोरून आणल्यासारखं वाटतंय. एवढे दिवस मी पैसे खुंट्यांसाठी टाकत होते की पलीकडे कुणीतरी आहे म्हणून? मला त्याची सवय झाली. करमत नाहीये.

६ जुलै

शेवटी लिहिलं त्याला. 'घोडी फुकटात मिळाली. कुठे होतात? बरे आहात ना?' उत्तर नाही.

भाची म्हणाली, "मावशी, तू बोक्याच्या प्रेमात पडलीस." उशी फेकून मारली. तिला लागली नाही, दिव्याला लागली.

७ जुलै

बोक्याचं उत्तर नाही. घोडी विकणाऱ्याचा मात्र निरोप – वस्तू नाजूक आहे, कुरिअरनं नको, स्वतः आणून देतो. लॅबचा पत्ता दिला.

९ जुलै

दुपारी काउंटरवर एक गृहस्थ. टक्कल, जाड चष्मा, बगलेत बुटांचं खोकं. "दातवाली आपणच का?"

खोक्यात घोडी होती. तिच्याखाली, फडक्यात गुंडाळलेली – डावी पट्टी! मी बघतच राहिले.

"स्वतःच्या मालावर बोली लावता येत नाही हो," तो म्हणाला. "नाहीतर सोडली नसती."

बोका! माझा बोका! पट्टीचे पैसे विचारले तर नको म्हणाला. "दोघांच्याही गिटारी मुक्या राहण्यापेक्षा एक तरी वाजू दे. ज्या हट्टानं तुम्ही बोली लावता, त्यावरूनच ओळखलं, बाई मोठी वाजवणारी आहे. एकदा ऐकवा, बस." खोक्यावर फोन नंबर लिहिला आणि गेला.

मी? वाजवणारी? त्यानं आपली गिटार मोडली माझ्यासाठी, आणि मला ती धरताही येत नाही! कुठल्या तोंडानं सांगू?

१० जुलै

फोन केला. एका दमात सांगून टाकलं, मला गिटार येत नाही. तो असा हसला, असा हसला! "अहो, मला तरी कुठे येते! तुम्ही एवढं वाढवत होतात, म्हणून मला वाटलं..."

शनिवारी गिटारच्या क्लासला नाव घालायला जातोय. दोघं. गिटार एकच आहे.